सभेची परवानगी

माझा आज्जा सभेला निघाला की नाक्यावर सांगायचा, "भगवंताला चाललोय." बार्शीला भगवंताचं देऊळ आहे. द्वादशी धरणारी माणसं आमच्या भागातून तिथं पूर्वापार जातात, त्यामुळं नाक्यावरच्या शिपायाला त्यात काही वावगं दिसत नसे. कपाळाला बुक्का, खांद्यावर घोंगडी, कमरेला एका गाठीत निजामाचे हाली पैसे आणि दुसऱ्या गाठीत इंग्रजांचे दोन-तीन कलदार. घाट उतरून पांगरीच्या शिवारात पाय पडला की हाली नाण्याला कुणी विचारत नसे. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. आज्जा म्हणायचा, "सातातला एक रुपया ही हद्दच खाती."

आमची येडशी निजामाची आणि पांगरी इंग्रजाची. मधे रामलिंगाचा घाट. आज सोलापूरहून संभाजीनगरकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरून लोक येडशीच्या चौकात येतात, कुणी लातूरकडं वळतं, कुणी बार्शीकडं, आणि बार्शीकडं वळणाऱ्याला आपण एकेकाळच्या दोन राज्यांची सीमा ओलांडतोय हे कळतही नाही. त्या काळी ते पावलापावलाला कळायचं. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत. कापड किती, काडेपेट्या किती, सगळ्यावर जकात.

गाठोड्यातलं सामान शिपायाला दिसायचं. परत येताना आज्जाच्या डोक्यात जे असायचं ते मात्र त्याला दिसत नसे, आणि हद्दीचा खरा पहारा त्याच्यावरच होता.

आज्जा गाडीवान होता. शिवारातली ज्वारी, तूर, सरकी स्टेशनावर टाकायची हा त्याचा धंदा. बार्शी लाइट रेल्वे या विलायती कंपनीनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रूळांची गाडी सुरू केली आणि १९११ पर्यंत तो मार्ग येडशी, तडवळे, ढोकीवरून लातूरला नेऊन भिडवला. या छोट्या गाडीनं आमच्या भागाला दोन गोष्टी दिल्या. लातूरच्या आडतीला माल गेला, आणि बार्शीकडून बातमी आली. स्टेशनावर माल उतरवताना आज्जा ती बातमी ऐकायचा. वर्तमानपत्र त्याला वाचता येत नव्हतं. वाचता येणारा एखादा भेटला की गाडीच्या साट्यावर बसवून त्याच्याकडून वाचून घ्यायचा, तेही आवाज खाली ठेवून, कारण ब्रिटिश मुलखातल्या कितीतरी पत्रांना संस्थानात बंदी होती.

सभेसाठी हद्द का ओलांडावी लागायची? निजामी राज्यात गश्ती निशान ५३ नावाचं फर्मान होतं. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढायची, असा त्याचा अर्थ. परवानगी मागणाऱ्याचं नाव दप्तरात लागलं की पुढं तो पोलिसाच्या नजरेत. शाळा, वाचनालय, तालीम असं चार माणसं एकत्र येतील ते प्रत्येक ठिकाण संशयाचं. फर्मानात विचार करायला बंदी आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं. तशी गरजही नव्हती. माणूस एकट्यानं विचार फार लांब नेऊ शकत नाही. दुसऱ्यानं तो खोडावा लागतो, तिसऱ्यानं त्यात भर घालावी लागते. माणसं एका जागी बसू दिली नाहीत की विचार आपोआप कोंडला जातो, हे त्या राज्यकर्त्यांना नीट ठाऊक होतं.

आज्जानं पहिली सभा पंचविशीत पाहिली. वक्ता कोण होता, कुठून आला होता, हे तो म्हातारपणी विसरून गेला होता. पण एक गोष्ट त्यानं मला इतक्यांदा सांगितली की ती मी पाहिल्यासारखी डोळ्यापुढं आहे. भाषण चालू असताना सतरंजीवरचा एक शेतकरी उठला. डोक्याला मळकं मुंडासं, हातात चिलीम. त्यानं विचारलं, "तुमचं राज्य आल्यावर सावकाराचं व्याज कमी होणार का तेवढं सांगा." सभा गप्प झाली. आज्जाला वाटलं, आता याला मारतात. वक्त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि उत्तर द्यायला लागला. उत्तर शेतकऱ्याला पटलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर मिळालं. आज्जा सांगायचा, "बाई, त्याला कुणी खाली बस म्हणलं न्हाई." त्याच्या लेखी स्वराज्य म्हणजे तो क्षण होता.

इंग्रजी हद्दीत सगळं आबादीआबाद होतं असं मात्र कुणी समजू नये. त्याच मुलखात सोलापूरला मे १९३० मध्ये लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी झाली. तरी निजामी रयतेला ती हद्द थोडी मोकळी वाटायची, यावरून आपल्याकडची कोंडी केवढी होती ते समजावं.

आमच्या जिल्ह्यात ही कोंडी फोडण्याचं काम सुरू झालं ते शाळेतून, आणि मी स्वतः एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं म्हणून मला त्याचा विशेष अभिमान आहे. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तिथं मुख्याध्यापक राहिलेल्या व्यंकटेश खेडगीकरांनी १९३२ साली संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. एका आडगावच्या शाळेतला मास्तर पुढं साऱ्या हैदराबाद संस्थानाचा लढा चालवतो, यात मला नवल वाटत नाही. मुलांना रोज "का?" विचारायला शिकवणारा माणूस स्वतः किती दिवस गप्प बसेल? १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. मागणी काय, तर जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे कारभाऱ्यांनी लोकांना उत्तर द्यावं. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्माला यायच्या आधीच तिच्यावर बंदी आली, आणि २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. ती बंदी उठायला १९४६ साल उजाडावं लागलं.

आता मी अशा गोष्टीकडं येते, जिच्याबद्दल आमच्या घरात बोललं जात नसे.

येडशीपासून दहा-बारा किलोमीटरवर कसबे तडवळे आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला तिथं महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला आले. गावात आजही सांगतात की स्टेशनापासून त्यांची मिरवणूक एक्कावन्न बैलगाड्यांची निघाली. गावातल्या शाळेत त्यांचा मुक्काम झाला. रेल्वेच्या कडेच्या एका खेड्यात, ज्यांना गावानं शिवेबाहेर ठेवलं ती माणसं दोन दिवस बसून आपल्या वतनाचा हिशेब मांडत होती. वतन म्हणजे काय, तर टपाल पोचवा, पाटलाच्या मागं पळा, मेलेलं जनावर ओढा, रात्री पहारा करा, आणि बदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. १९२८ सालीच बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं होतं. त्याच्याही आधी, मे १९२४ मध्ये, बार्शीला बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेत ते बोलून गेले होते. म्हणजे आज्जा ज्या वाटेनं भगवंताचं नाव सांगून जायचा, त्याच वाटेवर हा दुसरा विचारही चालत आला होता.

आज्जा तडवळ्याला गेला नाही. त्याच्याकडं गाडी होती, बैल होते, फेब्रुवारीत रानातलं कामही उरकत आलेलं असतं. चोरून घाट उतरणारा माणूस सपाटीवरच्या दहा-बारा किलोमीटरवर गेला नाही. मी कॉलेजात असताना त्याला विचारलं, "का गेला न्हाईत?" तो बराच वेळ अडकित्त्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "ती त्यांची सभा होती."

माझा आज्जावर फार जीव होता, आणि हे लिहिताना मला त्रास होतो. पण लिहिलंच पाहिजे. निजामाच्या हुकमाविरुद्ध त्याला बुद्धी चालवता आली. गावाच्या हुकमापुढं ती थांबली. निजामाच्या फर्मानाला निदान क्रमांक तरी होता. गावाच्या फर्मानाला क्रमांकही नव्हता आणि कागदही नव्हता, म्हणून ते त्याला दिसलंच नाही. मला विचाराल तर त्या वर्षी आमच्या पंचक्रोशीतली सगळ्यात महत्त्वाची सभा तडवळ्यालाच झाली, आणि माझ्या घरातलं तिथं कुणी नव्हतं.

पुढं १९४७ आलं. १५ ऑगस्टला पांगरीला झेंडा लागला, येडशीला नाही. त्याआधी आठवडाभर, ७ ऑगस्टला, स्टेट काँग्रेसनं 'भारतात सामील व्हा' दिन पाळला होता आणि धरपकड सुरू झाली होती. हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. अलीकडं निजामाच्या बाजूचे रझाकार. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस, आमच्याच रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनावरचा. शिकलेला, कायदा जाणणारा, बोलण्यात तरबेज. शिक्षणानं माणूस आपोआप विवेकी होतो असं मानणाऱ्यांनी हे नाव आठवावं. तर्क त्यालाही येत होता. त्या तर्काला उलट प्रश्न सहन होत नव्हता, एवढाच काय तो फरक.

उलट प्रश्न विचारणारी माणसं त्याच्याच धर्मात होती. शोएबुल्ला खान 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवायचे. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं त्यांनी उघड लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांचा खून झाला, आणि मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडला. त्याच महिन्यात सात मुस्लिम गृहस्थांनी सही करून विलीनीकरणाच्या बाजूनं निवेदन काढलं होतं. शाळेत १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करताना मी दरवर्षी शोएबुल्ला खानांचं नाव घ्यायची. मुलांनी ते आधी कधी ऐकलेलं नसायचं. मोठ्यांनीही नसायचं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा सोलापूरकडून निघून आमच्या जिल्ह्यातल्या नळदुर्गावर आल्या, १७ तारखेला निजाम शरण गेला. पाच दिवसांत राज्य बदललं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसतो तो त्यानंतरचा भाग.

आज्जीच्या माहेरी, गावाचं नाव मी लिहीत नाही, एक पिंजाऱ्याचं घर होतं. गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचा. त्याच्या पिंजणीच्या तारेचा 'टुंग टुंग' आवाज दिवाळीच्या आधी गावभर घुमायचा. रझाकारांशी त्याचा संबंध नव्हता, गावाला हे ठाऊक होतं. फौज पुढं गेली आणि मागून बातम्या आल्या. अमक्या गावात अमकं झालं, तमक्या विहिरीत इतकी प्रेतं सापडली. कुणी पाहिलं? कुणी नाही. कुणाकडून कळलं? सगळ्यांकडून. आज्जी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होती. एका रात्री गलका झाला. तिच्या वडलांनी दाराला अडणा घातला, दिवा मालवला आणि कुणी हालायचं नाही म्हणून सांगितलं. सकाळी पिंजाऱ्याचं घर उघडं होतं आणि आत माणूस नव्हतं. भिंतीवर पिंजण तेवढी लटकत होती. तिच्या तारेला कापसाचा पुंजका तसाच चिकटलेला.

त्या दिवसांत जे झालं ते एका गावापुरतं नव्हतं. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या मंडळानं १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. कमीत कमी धरून २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं, म्हणजे आमचं धाराशिव. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते, त्यांचे वळ माणसांच्या अंगावर होते, आणि ते मी शाळेत सांगितले. पण पिंजाऱ्यानं काय केलं होतं? स्वातंत्र्य मिळालं त्याच आठवड्यात आमच्या गावांची विचारशक्ती सुटली, आणि मला वाटतं याची कबुली दिल्याशिवाय मुक्तिसंग्रामाचा झेंडा लावायला आपला हात स्वच्छ होत नाही.

श्रावणी सोमवारी आज्जी मला रामलिंगाला न्यायची. खोल दरीत देऊळ, वरून पाण्याचा धबधबा, माकडांची पळापळ, आणि जवळच जटायूची समाधी म्हणून दाखवतात ती जागा. सीतेला पळवून नेताना रावणाला जटायूनं अडवलं ते इथंच, अशी आमच्याकडची श्रद्धा. आज्जी त्या दगडाशी जरा जास्त वेळ थांबायची. जटायू रावणावर आधी झेपावला नाही, असं ती सांगे. त्यानं आधी त्याला समजावलं, तू राजा, तुला हे शोभत नाही म्हणून सुनावलं, आणि तो ऐकेना तेव्हा पंख पसरले. म्हातारं पाखरू, जिंकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. एकदा ती एवढंच बोलली, "पाखराला बोलता आलं बघ. आमच्यानं दाराचा अडणा निघाला न्हाई." तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. तिला काय म्हणायचं होतं ते कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली.

नोव्हेंबर १९४९ च्या अखेरीस दोन गोष्टी जवळजवळ लागून घडल्या. निजामानं फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादला लागू असल्याचं मान्य केलं. ज्या लेखणीनं गश्ती निघायच्या तिनंच सभास्वातंत्र्याचं कलम कबूल केलं. आणि २५ नोव्हेंबरला घटना समितीत बाबासाहेबांनी आपलं शेवटचं मोठं भाषण केलं. धर्मातली भक्ती माणसाला तारील कदाचित, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, असा इशारा त्यांनी दिला. कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हे सांगताना त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला दिला. राजकीय समता आणि सामाजिक विषमता एकाच घरात फार दिवस नांदणार नाहीत, हेही सांगितलं. लोक हे भाषण दिल्लीचं म्हणून वाचतात. मी ते तडवळ्यातून वाचते. ज्यांनी एक्कावन्न गाड्यांची मिरवणूक पाहिली होती, त्यांनाच मिरवणुकीची भीती खरी कळू शकते.

१९५२ ला पहिलं मतदान झालं. आज्जीचं नाव यादीत लागायला अडचण आली, कारण यादी करणारा नवऱ्याचं नाव विचारी आणि ती ते घेईना. देशभरात जवळपास २८ लाख बायकांची नावं त्या वेळी अशाच कारणानं यादीबाहेर राहिली. त्यांनी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं होतं. शेवटी शेजारणीनं आज्जाचं नाव सांगितलं आणि आज्जीनं स्वतःचं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. कागदावर खूण करायची नव्हती, आपल्या पेटीत तो टाकायचा एवढंच. आज्जीनं कुठल्या पेटीत टाकला ते आज्जाला मरेपर्यंत सांगितलं नाही. त्यानं तीन-चारदा विचारलं. "सरकारनं पडदा लावलाय तो कशाला मग?" एवढंच तिचं उत्तर.

जून १९७५ ला आणीबाणी आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सभेला पुन्हा परवानगी लागू लागली, पत्रांवर पुन्हा पहारा बसला. निजामाच्या तुरुंगात राहून आलेली माणसं, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव यांच्यासारखी, स्वतंत्र भारताच्या तुरुंगात गेली. डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत उभ्या राहून बोलल्या, आणि पुढं त्यांनाही अटक झाली. आज्जा तेव्हा सत्तरीचा. रेडिओ बंद करून म्हणाला, "आता भगवंताला जायचीबी सोय न्हाई. तिकडंबी ह्यांचंच राज्य हाय."

आता माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. नोकरीची शेवटची वर्षं मी जिल्ह्यातल्याच एका छोट्या गावात काढली, येडशीहून जाऊन-येऊन. गावाचं नाव नको, कारण असं गाव एकच नाही. कायद्यानं वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. सात दिवस आधी नोटीस. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजर हवीत. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नाही. ही एक ओळ गावोगावच्या कारभाऱ्यांना तोंडपाठ असते. नोटीस फळ्यावर लावायची ती शाळेच्या पाठीमागं. दवंडी नाही. चाळीसेक माणसं येतात, सभा तहकूब. आठवड्यानं दहा-अकरा जण बसतात आणि सगळे ठराव सर्वानुमते मंजूर. मी शाळेच्या व्हरांड्यात हे किती वेळा पाहिलं. मुलांच्या सतरंज्या आम्हीच अंथरून द्यायचो आणि बहुतेक सतरंज्या कुणी न बसताच गुंडाळायचो. ज्या सतरंजीवर बसण्यासाठी एका पिढीनं लाठ्या खाल्ल्या, ती गुंडाळताना माझा हात जड व्हायचा.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, पहिली पोचली १२ एप्रिलला, पाच लाख लिटर पाणी घेऊन. बरीचशी आज्जाच्या मार्गानंच, पण आता रूळ ब्रॉडगेज. येडशी स्टेशनावर लोक तिला बघायला उभे राहायचे. आमच्या त्या गावात टँकर होता. दिवसाला तीन खेपा म्हणत. बायका म्हणायच्या, दोनच येतात. म्हणायच्या आणि घागरी घेऊन घरी जायच्या. बचत गटाची बैठक शाळेतच असायची. मी त्यांना एकदा एवढंच सांगितलं, "नुसतं म्हणू नका. मोजा."

३० जूनला मी निवृत्त झाले. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मुद्दाम गेले. मी त्या गावची मतदार नव्हते, म्हणून उंबऱ्याशी बाहेर बसले. आदल्या दिवशी महिला सभा झाली होती, ती कागदावर न राहता खरोखर झाली होती, आणि तिथून बायका घरोघर सांगत फिरल्या होत्या. सतरंज्या पुरल्या नाहीत. गटातल्या एकीनं उभं राहून डोकी मोजली. एकशे चार. मग दुसरी उठली. सातवी शिकलेली, ऊसतोडीला जाऊन आलेली, पदर डोक्यावर. ती म्हणाली, "टँकरच्या खेपांची वही वाचून दावा."

ग्रामसेवकानं सरपंचाकडं पाहिलं. सरपंच म्हणाले, पाऊस पडला, टँकर बंद झाला, आता जुनं कशाला उकरता. ती बसली नाही. तिनं घराच्या भिंतीवर उन्हाळाभर कोळशानं रेघा ओढल्या होत्या, एका खेपेला एक. पंचमीला घर सारवताना तेवढी भिंत तिनं सोडली होती आणि रेघा पोराच्या वहीत उतरवून आणल्या होत्या.

वही आली. ग्रामसेवक वाचू लागला. "१० एप्रिल, खेपा तीन."

"दोन," ती म्हणाली.

"११ एप्रिल, खेपा तीन."

"दोन."

"भिंतीवरच्या रेघा पुरावा होत नसतात," मागून कुणी बोललं. ती मागं वळली नाही. पुढं होऊन तिनं वहीत पाहिलं. प्रत्येक ओळीशेवटी गावकऱ्याच्या सहीचा रकाना होता, आणि काही ओळींत तिच्या नावापुढं निळा अंगठा होता.

"मला सही येती," ती म्हणाली. "गुरुजींना, बाईंना, समद्यांना ठाव हाय. ह्यो अंगठा कुणाचा?"

सभेत कुणी तिला खाली बस म्हटलं नाही. ग्रामसेवकानं इतिवृत्ताची वही पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतला. मग खेपांच्या वहीचं पान उलटलं. "१२ एप्रिल," तो वाचू लागला.